सातव्या रकान्यातलं ‘नाही’ : पंचांच्या याद्या करणाऱ्या मंडळींना खुले पत्र

महोदय,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

तुम्ही मला ओळखता आणि मी तुम्हाला. सत्तावीस वर्षं तुमच्याच यादीतून मी फुटबॉलच्या मैदानावर उतरलोय. तुमच्या कार्यालयातल्या कुठल्या खिडकीची काच फुटलीय आणि तिला कुठल्या स्पर्धेचा बॅनर लावलाय, हेसुद्धा मला पाठ आहे. म्हणजे हे सगळं समोरासमोर बसून बोलता आलं असतं. बोललोही. मार्चपासून चार वेळा जिना चढलो. चौथ्या खेपेला ‘बघू या मास्तर, वर विचारतो’ हे ऐकून उतरलो, तेव्हा ठरवलं की आता लिहायचं आणि चार लोकांनी वाचावं असं लिहायचं. संघटनेचं नाव मुद्दाम घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

विषय एका मुलाचा आहे, ज्याचं नाव तुम्ही पंचांच्या यादीत घेतलं नाहीत. वय तेवीस. जन्म आणि शाळा मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतली, डिग्रीसाठी बेळगावात आला आणि इथलाच झाला. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तो म्हणाला, ‘सर, नाव नको, पुढच्या वेळी आर.सी. नवी करायला गेलो की विचारत बसतील.’ (आर.सी. म्हणजे त्याचा इथं राहण्याचा सरकारी कागद, पुढे सांगतो.) लिहिलं असतं तरी कुणाला काही कळलं नसतं म्हणा. दलाई लामांकडून नाव घेतलेली पोरं तिथं इतकी, की मैदानावर ‘तेन्झिन’ अशी हाक मारली तर अर्धा संघ वळून बघतो.

मुंडगोड हुबळीपासून तासाभराच्या वाटेवर. १९५९ साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो माणसं आली. त्या वेळच्या म्हैसूर राज्याने त्यांना जमिनी दिल्या. आधी म्हैसूर जिल्ह्यातलं बैलकुप्पे, मग १९६६ मध्ये, निजलिंगप्पा मुख्यमंत्री असताना, मुंडगोड. जंगल तोडून तिथं मका पेरणाऱ्या पहिल्या माणसांत या पोराचे आजोबा होते. आपण बेळगावकर ही माणसं ओळखतो ती स्वेटरांमुळे. दिवाळी सरली, सकाळी धुकं पडायला लागलं की रस्त्याकडेला त्यांची दुकानं लागतात आणि आपण तिथं जाऊन दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. माझ्या बायकोचा निळा स्वेटर तिथलाच, वीस वर्षं झाली, कोपराला एक टाका घातलाय, बाकी जसाच्या तसा. याच्या आईनेच विकलेला असेल, कोण जाणे.

हा पंच कसा झाला तेही मजेशीर आहे. तिबेटी वसाहतींमध्ये दलाई लामांच्या आईच्या स्मरणार्थ ग्याल्युम चेमो करंडक खेळला जातो. त्याच्या तयारीच्या एका सामन्याला पंच आलाच नाही. हा सोळा वर्षांचा, पायाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं, खेळायला बंदी. कुणीतरी शिट्टी त्याच्या हातात कोंबली. लंगडत लंगडत त्याने नव्वद मिनिटं काढली, आणि सामना संपल्यावर हरलेल्या संघाचा कॅप्टन येऊन हात मिळवून गेला. ‘सर, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला जमतं,’ असं त्याने मला सांगितलं. मला विचाराल तर पंचाची पहिली परीक्षा हीच. जिंकलेला काय, कुणाशीही हात मिळवतो.

माझी त्याची गाठ पडली लेले ग्राउंडवर. कॉलेजच्या पोरांचा मित्रत्वाचा सामना होता. मी ऑफसाइड दिला आणि लाइनीबाहेरून आवाज आला, ‘सर, ऑफसाइड कसा देऊलालासा? बॉल डिफेंडरने मुद्दाम खेळलाय की!’ वळून बघतो तर हा. चेहरा ईशान्येकडचा वाटावा असा आणि मराठी आपल्या शहापूरच्या गल्लीतली. मला आधी राग आला, मग हसू आलं, मग आठवलं की ऑफसाइडचा अकरावा नियम तो म्हणतोय तसाच आहे. प्रतिस्पर्ध्याने जाणूनबुजून खेळलेला चेंडू आला तर ऑफसाइड नाही. निर्णय गेलेला होता, बदलला नाही. सामना संपल्यावर मात्र त्याला चहाला घेऊन गेलो.

तेव्हापासून दोन वर्षं तो माझ्याबरोबर होता. पावसात वाटाण्याची शिट्टी दगा देते, आतला गोळा भिजून फुगतो आणि ‘फुर्र’ एवढंच वाजतं, म्हणून मी त्याला फॉक्सची बिनवाटाण्याची शिट्टी दिली. ती त्याने दोरीत घालून गळ्यात न घालता मनगटाला बांधली. म्हणाला, गळ्यात असली की तोंडात लवकर जाते. शिट्टी तोंडात आधी आणि डोळ्यांनी बघणं नंतर, ही नव्या पंचाची खोड मला सुटायला पाच वर्षं लागली होती.

आता तुमच्या निर्णयाकडे येतो.

फेब्रुवारीत तुम्ही पंचांची परीक्षा घेतलीत. लेखी परीक्षेत तो पहिल्या तिघांत होता. यादी तुम्हीच भिंतीला लावलीत, मी फोटो काढून ठेवलाय. मग मैदानी चाचणी. ज्यांनी ती दिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सहा वेळा ४० मीटर वेगाने धावायचं, दोन धावांच्या मध्ये जेमतेम मिनिटभर दम. मग ७५ मीटर धाव आणि २५ मीटर चाल, असं चाळीस वेळा, म्हणजे ट्रॅकच्या दहा फेऱ्या. आंतरराष्ट्रीय पंचाला ते ७५ मीटर १५ सेकंदांत काढावे लागतात. जिल्ह्याला सूट असते. याने सूट घेतली नाही. मोबाइलवर १५ सेकंदांचा बीप लावून धावला. शेवटच्या फेरीत त्याच्याबरोबर दोघेच उरले होते, बाकीचे कडेला बसून केळी खात होते. मी घड्याळ धरून उभा होतो, म्हणून हे ऐकीव सांगत नाही.

आठ दिवसांनी अंतिम यादी आली, त्यात त्याचं नाव नाही.

कारण विचारलं तर अर्जाचा सातवा रकाना दाखवलात. ‘राष्ट्रीयत्व : भारतीय – होय / नाही’. त्याने ‘नाही’वर खूण केली होती आणि शेजारच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात आर.सी. नंबर लिहिला होता. आर.सी. म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, पोलिसांकडे नोंदलेलं, ठरल्या मुदतीने नवं करून घ्यायचं. तिबेटी माणूस भारतात कायदेशीर राहतो त्याचा तो सरकारी कागद. लपवलेलं काहीच नव्हतं.

इथं एक गोष्ट कबूल करतो. अर्ज भरताना मीच त्याला म्हणालो होतो, ‘अरे होयवर खूण कर, कोण बघतंय.’ त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘सर, पंचाच्या अर्जावर?’ पुढे मी काही बोललो नाही. शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवताना पोरांना काय काय सांगत आलो, ते तेवढ्या वेळात आठवून गेलं.

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडतो.

पहिली तुमच्या दुटप्पीपणाची. यादीत नाव नाही, पण गेल्या मोसमात शालेय स्पर्धेला तुम्हीच त्याला नऊ सामन्यांत लाइनवर, म्हणजे निशाण घेऊन सहायक पंच म्हणून, उभं केलंत. तेव्हा सातवा रकाना कुठं गेला होता? पंच कमी पडले की ‘मास्तर, तुमचा तो पोरगा पाठवा’ असा फोन मलाच यायचा. शनिवारी एका मैदानावर तीन तीन सामने आणि पंच एक, ही आपली अवस्था. माझे गुडघे त्याची साक्ष देतील. त्या नऊ सामन्यांचं मानधन प्रत्येकी ३५० रुपयांप्रमाणे ३,१५० रुपये होतं. ते त्याला अजून मिळालेलं नाही. ‘नोंदणी नसलेल्याला व्हाउचर कसं काढणार?’ असं उत्तर मिळालं. उन्हात उभं करायला नोंदणी लागली नाही, पैसे द्यायला लागते.

दुसरी तक्रार त्यातल्याच एका सामन्याची आहे. ती जरा सविस्तर सांगतो, कारण मला वाटतं खरं कारण तिथं आहे.

सतरा वर्षांखालचा उपांत्य सामना. रिमझिम पाऊस, लाल चिखल, चुन्याच्या रेषा अर्ध्या धुपून गेलेल्या. बरोबरी सुटेना म्हणून पेनल्टी. मी मध्ये, हा गोलरेषेवर निशाण घेऊन. पाचवी पेनल्टी गोलकीपरने अडवली आणि यजमान शाळेची पोरं नाचत सुटली. मी याच्याकडे बघितलं तर निशाण वर. कीपरचे दोन्ही पाय लाथेच्या आधीच रेषा सोडून पुढे आले होते. चौदावा नियम सांगतो की चेंडूला लाथ बसेपर्यंत कीपरचा निदान एक पाय रेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा मागे असला पाहिजे. मी पेनल्टी पुन्हा घ्यायला लावली. गोल झाला. यजमान शाळा बाहेर.

निशाण वर गेल्यापासूनची दहा मिनिटं मी विसरणार नाही. मला शिव्या पडल्या, त्या सवयीच्या आहेत. पण त्याला पडल्या त्या वेगळ्या होत्या. ‘मोमो’, ‘चायना’, ‘जा तुझ्या देशात’. चीनमुळे ज्याच्या आजोबांनी घर सोडलं त्याला ‘चायना’! ओरडणाऱ्यांत पोरं कमी आणि पालक जास्त होते. तो निशाण गुंडाळून उभा राहिला, नजर गोलरेषेवर, हाताची बोटं निशाणाच्या काठीवर इतकी आवळलेली की नखं पांढरी पडली होती. नंतर एका पालकाच्याच मोबाइलमधला व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यात कीपरचे दोन्ही पाय रेषेपुढे स्पष्ट दिसतात. निर्णय बरोबर होता, एवढं तुमच्यातल्या दोघांनी मला खाजगीत सांगितलं. जाहीर कुणी सांगितलं नाही. माझ्या सामना-अहवालात मी प्रेक्षकांच्या वागण्याची नोंद केली होती. तिचं काय झालं, मला अजून कळवलेलं नाही. २०२४ मध्ये बँकॉकच्या अधिवेशनात फिफाने वर्णद्वेषी शिव्यांविरुद्ध मनगटं एकमेकांवर आडवी धरण्याची खूण ठरवली. त्यानंतर आधी सामना थांबवायचा, मग काही काळ तहकूब करायचा, तरीही ऐकलं नाही तर रद्द करायचा. त्या दिवशी मी सामना थांबवायला हवा होता. नाही थांबवला. तो दोष माझा, आणि तो मी त्याच्यासमोर मान्य केलाय.

त्या सामन्यानंतर तीन महिन्यांत सातवा रकाना एकदम महत्त्वाचा झाला. योगायोग असेल. असावा.

तिसरी गोष्ट, तुम्ही लेखी काहीच देत नाही. नकाराचं पत्र नाही, नियमाचा क्रमांक नाही. सगळं तोंडी, जिन्यात किंवा चहाच्या गाड्यावर. त्याला तर माहिती अधिकारात अर्जही करता येत नाही, कारण २००५ च्या त्या कायद्याने हा अधिकार नागरिकांनाच दिलाय. मी नागरिक आहे. म्हणून सही माझी.

तुमच्यातले एकजण मला म्हणाले, ‘मास्तर, मग तो नागरिकत्वच का घेत नाही?’ प्रश्न सरळ आहे, उत्तर तेवढं सरळ नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. याच्या वडिलांचा जन्म १९७९ चा, मुंडगोडातच. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिबेटी अर्जदारांच्या बाबतीत हाच कायदा लागू केला. बाप नागरिक ठरला तर २००२ मध्ये जन्मलेला मुलगाही ठरतो. कागदावर वाट मोकळी आहे. पण २०१७ मध्ये अशा लोकांना पासपोर्ट द्यायची वेळ आली तेव्हा केंद्राने अटी घातल्या. आर.सी. परत करा, नेमून दिलेल्या वसाहतीत राहू नका, निर्वासित तिबेटी प्रशासनाकडून मिळणारे लाभ सोडा. म्हणजे पासपोर्ट हवा तर घर सोडा. त्याचे वडील माझ्याशी हिंदीत बोलले, ‘मास्टरजी, मेरे पिताजी ने एक बार छोड़ा था।’ त्यापुढे मी काय बोलणार?

आणि मला ते कळतं, कारण आमचंही सुटलंय. मी मूळचा सुप्याचा. काळी नदीवर धरण झालं आणि आमचं सुपा पाण्याखाली गेलं. एके काळी तालुक्यालाच सुपा म्हणायचे, आता जोयडा म्हणतात. धरण पुरं झालं १९८७ ला, पण आम्हाला त्याआधीच उठवलं होतं. रामनगरला प्लॉट मिळाला, त्याचा कागद मिळाला नाही. त्या एका कागदासाठी माझ्या आईने अकरा वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. धरणग्रस्ताचा दाखला ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवायची, कारण घरात आग लागली तरी माणूस आधी तांदूळ बाहेर काढतो असं तिचं म्हणणं. गेल्या वर्षी मुंडगोडला त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. त्याच्या आईने आर.सी. दाखवायला काढली ती पिठाच्या डब्यातून, झाकणावरचं पीठ झटकत. मी हसलो. तिला वाटलं पिठाला हसलो.

आपण सीमाभागातली माणसं. १९५६ पासून आपलं निम्मं आयुष्य कागदाच्या भाषेवरून भांडण्यात गेलं. परिपत्रक मराठीत का नाही, उतारा मराठीत का नाही, बोर्डावर मराठी खाली का. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागद मिळावेत म्हणून निघालेल्या मोर्चांत तुमच्यातले कितीतरी जण होते. मीही होतो, आणि पुन्हा निघाला तर पुन्हा जाईन. खिडकीपलीकडचा माणूस आपला कागद हातात घेऊन मान हलवतो तेव्हा पोटात काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग खिडकीच्या त्या बाजूला आपण बसलो की मान तशीच कशी हलते?

कायद्याचं म्हणाल तर तुमच्या बाजूला जेवढा वाटतो तेवढा तो नाही. १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, हे खरं. पण घटनेचं १४ वं कलम ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणतं. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, की नागरिक असो वा नसो, समानतेचं आणि जीविताचं संरक्षण प्रत्येक व्यक्तीला आहे. आणि २०१४ मध्ये केंद्र सरकारने तिबेटी पुनर्वसन धोरण काढलं. त्यात राज्यांना सांगितलंय की या लोकांना आपल्या पात्रतेप्रमाणे काम करू द्या, आणि उदाहरणं दिलीत नर्सिंग, अध्यापन, सी.ए., वैद्यकी, अभियांत्रिकी, इत्यादी. फुटबॉलच्या पंचाचा उल्लेख नाही, मान्य. आमचा मुलगा त्या ‘इत्यादी’त बसतो. नर्सला रुग्णाच्या नाडीला हात लावू देणारं सरकार लाइन्समनच्या हातात निशाण देऊ नका म्हणेल, असं मला वाटत नाही. म्हणत असेल तर तो आदेश दाखवा.

बाहेर बघा. सोमालियातल्या युद्धातून वाचून एक कुटुंब लंडनला आलं. त्यातली जवाहिर रोबल लहानपणी आली तेव्हा तिला इंग्रजी धड येत नव्हतं. हिजाब घालून सामने चालवणारी ब्रिटनची ती पहिली पंच. २०२३ च्या ब्रिटिश नववर्ष-सन्मानांच्या यादीत तिला एम.बी.ई. किताब मिळाला. पहिल्यांदा तीही कुठल्या तरी छोट्या मैदानावरच उतरली असणार, आणि तिथं कुणीतरी तिला उतरू दिलं. ऑलिंपिकमध्ये २०१६ पासून निर्वासित खेळाडूंचा वेगळा संघ असतो. रिओत दहा जण होते, पॅरिसला सदतीस, आणि पॅरिसमध्ये सिंडी एन्गांबाने मुष्टियुद्धात त्या संघाला पहिलं पदक मिळवून दिलं. निर्वासित पंचांचा संघ मात्र कधी निघणार नाही, कारण पंचाला मुळात संघच नसतो. मैदानावरच्या तेवीस माणसांत कुणाचाही नसण्याची अट एकट्या त्याला असते. बावीस जणांना तुम्ही विचारा कुठले म्हणून. तेविसाव्याला हा प्रश्न विचारायचा नाही, म्हणून तर तो काळे कपडे घालून मध्ये उभा आहे. आणि आपल्याकडे पंचामुखी परमेश्वर म्हणतात. परमेश्वराचं राष्ट्रीयत्व अजून कुणी विचारलेलं नाही.

असो, विषय भरकटला. मागण्या सांगतो.

एक. फेब्रुवारीच्या परीक्षेचा त्याचा निकाल, लेखी आणि मैदानी दोन्ही, सही-शिक्क्यानिशी द्या. तो उत्तीर्ण असेल तर तसं, नसेल तर तसं.

दोन. नाव कुठल्या नियमाने काढलं तो नियम क्रमांकासह कळवा. असा नियम नसेल, आणि मला शंका आहे की नाही, तर नाव यादीत परत घाला. अर्जाच्या सातव्या रकान्यात ‘होय’ आणि ‘नाही’च्या पुढे तिसरी जागा करा, ‘भारतात राहण्याचा इतर वैध दाखला, त्याचा क्रमांक’. एका ओळीचं काम आहे. छपाईचा खर्च माझ्या मानधनातून कापा, माझंही थोडं बाकी आहे तुमच्याकडे.

तीन. ३,१५० रुपये.

चार. माझ्या सामना-अहवालावर काय कारवाई झाली ते सांगा. आणि पुढच्या मोसमापासून प्रत्येक शालेय सामन्याआधी शाळांना लेखी बजावा, की मैदानात किंवा मैदानाबाहेरून पंचाला, खेळाडूला जातीवरून, भाषेवरून, चेहऱ्यावरून बोललं तर सामना थांबेल. खेळाडूने अपमानास्पद भाषा वापरली तर बाराव्या नियमाप्रमाणे लाल कार्ड आहेच. बाहेरच्यांसाठी पाचवा नियम पंचाला सामना थांबवायचा अधिकार देतो. हा अधिकार वापरणाऱ्या पंचाच्या मागे तुम्ही उभे राहाल, एवढं आधी कळू द्या. आम्ही घाबरतो ते प्रेक्षकांना नाही, सोमवारी तुमच्याकडून येणाऱ्या फोनला घाबरतो.

याहून जास्त काही नको. त्याला सवलत नको, वशिला नको, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दे म्हणालात तर तो देईल. त्याला राज्याची परीक्षा द्यायचीय, मग राष्ट्रीय, आणि कधीतरी टीव्हीवरच्या सामन्यात मध्ये उभं राहायचंय. तिथपर्यंत पोचेल की नाही ठाऊक नाही, मी नाही पोचलो. पण माझा रस्ता गुडघ्याने अडवला. त्याचा एका रकान्याने अडवलाय.

उत्तरासाठी एक महिना थांबतो. आलं तर तेही असंच सगळ्यांसमोर ठेवीन, तुमचं म्हणणं जसंच्या तसं. नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज तयार आहे.

आणि एक व्यवहाराचं. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आमच्या गल्लीच्या पोरांची स्पर्धा आहे, तुमच्या यादीशी तिचा काही संबंध नाही. पाऊस लागला तर रेषा पुन्हा आखाव्या लागतील म्हणून तो सहालाच येणार आहे. चुना मी आणतोय. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर या, चहा आमच्याकडून.

आपला,
एक निवृत्त पी.टी. मास्तर, अजूनही तुमच्या यादीतला पंच
बेळगाव